डुलकीचं पेटंट

या गोष्टीवर कोणाचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून तक्रार नको. शंभरदा तरी सांगितली असेल मी ती. ऐकणारे निम्मे हसले, उरलेले निम्मे चहा संपवून उठून गेले. पण त्या सकाळी जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत केमिस्टबाईंनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाल्या, "सांगा आजोबा, अगदी सुरुवातीपासून."

सुरुवातीपासून सांगा असं मला उभ्या जन्मात कोणी म्हटलं नव्हतं. बायको तर म्हणायची, शेवटाकडून सांगा, लवकर सुटका होईल.

कारण असं होतं की केंद्राच्या नव्या टाकीवर एक पितळी पाटी लागणार होती. टाकीत औषध सोडणारं जे यंत्र आहे, ज्याला आम्ही सगळे डुलकी म्हणतो, ते कोणी शोधलं त्याचं नाव त्या पाटीवर, आणि त्याची हकिगत लिहून घ्यायचं काम केमिस्टबाईंकडे. डुलकी आम्ही दोघांनी केली होती, मी आणि माझा साडू. साडूला जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हा पाटीवर एकट्या माझं नाव घालायला त्याच्या घरच्यांची हरकत नाही, असा एक कागद सहीसाठी तयार होता. तो कागद टेबलावर, आणि टेबलाच्या पलीकडे स्टुलावर माझी मेहुणी, म्हणजे साडूची बायको. पिशवी मांडीवर, चष्मा पिशवीत. आमच्या घरात तिला सगळे धाकटी म्हणत. माझी बायको थोरली. थोरलीही आता नाही.

धाकटी फोनवरच म्हणाली होती, "मला काय करायचीय पाटी, भाऊजी? सही कुठे करायची तेवढं दाखवा."

मी म्हटलं, सही होईल सावकाश, आधी बाईंना गोष्ट ऐकू दे. इथेच माझं चुकलं. पण तोटी न बसवलेला नळ आहे मी. खात्यात मला कारंजं म्हणायचे ते उगाच नाही.

तर लिहा, बाई.

माझ्या साडूचं नाव घुम्या. आईबापांनी दुसरं ठेवलं होतं, पण ते त्यानं कधी कोणाला सांगितलंच नाही, तर कळणार कसं? पत्र्याचं दुकान होतं त्याचं. डबे, चाळण्या, पन्हळी, काय म्हणाल ते पत्र्यातून काढायचा. दिवसाला सात शब्द बोलायचा, त्यातले चार 'हं'.

"पाच," धाकटी म्हणाली. "माझ्याशी भांडताना सहा."

मी इथे, केंद्रात. माझ्याकडे टेकडीवरची टाकी. तिथे वीज नव्हती, त्यामुळे औषध हातानं टाकायचं. ब्लीचिंग पावडर बादलीत कालवायची, निवळू द्यायची आणि टाकीत ओतायची. आता हात म्हणजे माणसाचाच. मन प्रसन्न असलं की दोन मगे, नसलं की अर्धा. एक दिवस सगळ्या वस्तीच्या पाण्याला पोहण्याच्या तलावाचा वास, आणि दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती संडासापुढे रांगेत. वरून शिव्या मलाच.

एका दुपारी मी टाकीशेजारच्या खोलीत बसलो होतो. समोर खिडकीची काच. डोळा लागत होता. मान खाली जायची, झटक्यानं वर यायची, पुन्हा खाली. काचेत मी ते पाहिलं.

"झोपेत?" केमिस्टबाईंनी विचारलं.

"एका डोळ्यानं झोपायचो मी. कामावर असताना दुसरा उघडा."

त्यांनी ते लिहिलं नाही. असो. तर मला सुचलं की पाणीच जर असं डुलायला लागलं तर? संध्याकाळी घुम्याच्या दुकानात गेलो, मान डुलवून दाखवली. तो म्हणाला, "हं." आठवड्यानं त्यानं पत्र्याचं एक पसरट भांडं पुढे ठेवलं. मधोमध आडवी भिंत, म्हणजे दोन कप्पे, आणि खाली आस, मुलांच्या सी-सॉसारखं. टाकीत येणारं पाणी एका कप्प्यात पडतं, कप्पा भरला की भांडं कलंडतं, पाणी टाकीत जातं, दुसरा कप्पा धारेखाली येतो. तो भरला की उलट. आणि आसाच्या टोकाला एक पळी. भांडं एकदा डुललं की पळी औषधाच्या बरणीत बुडून वर येते आणि बरोबर एक पळीभर औषध टाकीत. पाणी जोरात आलं की डुलक्या भराभर, पाणी बंद की डुलक्या बंद. ना वीज, ना माणूस, ना त्याची मर्जी.

पहिल्या दिवशी पाणी इतकं नितळ झालं, बाई, की पेल्यात आहे की नाही ते कळेना. पाहुणे रिकामा पेला दिला म्हणून रागावून परत करायचे. थोरली पेल्यात बोट बुडवून मग वाढायला लागली. टाकीवर डास आले आणि निराश होऊन गाव सोडून गेले.

"क्लोरीननं पाणी नितळ नाही होत आजोबा. जंतू मरतात फक्त. नितळ तुरटीनं होतं."

"जंतू मेल्यावर पाणी कशाला गढूळ राहील? त्याला काय शौक आहे?"

धाकटी हसली. पिशवीतून चष्मा काढला आणि घातला, पण कागदाकडे नाही पाहिलं. मला वाटलं, गोष्ट रंगतेय.

मग आम्ही पेटंट घ्यायचं ठरवलं. पेटंटची कामं करणारा एक वकील होता, जाड भिंगांचा. आम्ही त्याला भिंग्याच म्हणायचो. त्यानं अर्जाला नाव दिलं, 'वाहत्या पाण्याच्या प्रमाणात निर्जंतुक द्रावण सोडण्याची पद्धत व साधन'. मी म्हटलं, डुलकी लिहा की. तो म्हणाला, सरकारी कार्यालयात हा शब्द आधीच दुसऱ्या कामाला लागलाय.

आणि त्यानं आम्हा दोघांना समोर बसवून एकच गोष्ट बजावली. अर्ज दाखल होईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. जे चारचौघांत बोललं गेलं, छापलं गेलं, ते जुनं झालं. जुन्याला पेटंट नाही. मग ते तुमचं तुम्हीच का बोललेलं असेना. हे सांगताना तो घुम्याकडे बघतच नव्हता, दोन्ही भिंगं माझ्यावर.

अर्ज तयार व्हायला अडीच महिने लागले, आकृत्यांसाठी. अडीच महिने मी गप्प. थोरलीनं तिसऱ्या दिवशी डॉक्टर बोलावला. डॉक्टरनं जीभ बघितली, म्हणाला, जिभेला काही झालेलं नाही, वापराअभावी आखडलीय. कामावर लोक यायचे, माझ्यासमोर उभे राहायचे, घड्याळ बघायचे आणि जायचे. साहेबांनी विचारलं, काही दुःख आहे का घरात? मी मान हलवली. कुठल्या बाजूला तेही सांगितलं नाही.

"आणि घुम्याकाका?" बाईंनी विचारलं.

"तो होता तसाच होता. त्याला कोण विचारणार? गप्प बसणाऱ्याचं गप्प बसणं कोणाला दिसत नाही. तिथेच तर फसलो."

अर्ज गेला. आम्ही वाट पाहिली. दीड वर्षानं पत्र आलं, माझ्या पत्त्यावर, कारण पहिलं नाव माझं. अर्ज फेटाळला. का? तर ही पद्धत अर्जाच्या आठ दिवस आधीच जाहीर झालेली आहे. पाणीखात्याच्या कर्मचाऱ्यांची वार्षिक सभा झाली, तिथे कोणीतरी फळ्यावर आकृती काढून सगळं समजावून सांगितलं, आणि सभेच्या छापील वृत्तान्तात ते आलं. 'एका जाणकारानं' असं. नाव नाही.

बाई, तुम्हाला सांगतो, ते पत्र वाचलं आणि पायाखालची फरशी सरकली. अडीच महिने जीभ दाताखाली धरून ठेवलेला माणूस मी. आणि या जगात डुलकी माहीत असलेले तिघेच. मी, भिंग्या आणि घुम्या. भिंग्याचं पोटच गुपितांवर चालायचं. मी तर मी. उरला कोण?

घुम्यानं केसानं गळा कापला माझा.

हे मी सगळ्यांसमोर म्हणालो, घुम्याच्याच घरात, त्याच्या तोंडावर. थोरली होती, धाकटी होती. विचारा तिला. मी पत्राचं पहिलं पान वाचून दाखवलं आणि म्हटलं, घरचाच भेदी निघाला. घुम्यानं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पत्र माझ्या हातातून घेतलं, दुसरं पान वाचलं, घडी घातली, परत दिलं. म्हणाला, "बरं." आणि दुकानात गेला. नाकारलं नाही, बाई. माणूस निर्दोष असता तर एक शब्द तरी बोलला असता ना? त्या दिवसापासून आमच्या दोन घरांचं जाणंयेणं बंद. दोघी सख्ख्या बहिणी, दवाखान्यात तपासणीला जायचं निमित्त काढून तिथल्या बाकावर भेटायच्या. डुलकी मात्र फुकटात सगळीकडे गेली. तीस वर्षं कुठल्याही टाकीवर चढलो की ती डुलतेय, आणि तिच्यावर आमचं नावगाव काही नाही.

धाकटीनं कागद स्वतःकडे ओढला. पेन उघडलं.

केमिस्टबाई मान वर करून म्हणाल्या, "एक समजलं नाही. सभा खात्याच्या कर्मचाऱ्यांची. घुम्याकाका तर पत्र्याच्या दुकानात. ते तिथे कसे?"

आता लिहिणारी माणसं असे प्रश्न विचारतात, म्हणून मला लेखक आवडत नाहीत. मी म्हटलं, "मांडवाच्या पन्हळी बसवायला बोलावलं होतं त्याला. बसवता बसवता बोलायला उभा राहिला."

"जे दिवसाला सात शब्द बोलायचे, ते?"

"तेच तर. असल्या माणसाच्या आत साठून राहतं. बांध फुटला की फुटला. काय बोलला म्हणता. पाऊण तास. एवढा मोठा फळा, त्यावर एका रेघेत भांडं, दुसऱ्या रेघेत आस. खडू मोडला तर अर्ध्या खडूनं पुढे. सुरुवातीला लोक मागे गप्पा मारत होते, तर यानं काय केलं, काही न बोलता नुसती मान डुलवली." मी उठून उभा राहिलो होतो बहुतेक, कारण मान डुलवायला जागा लागते. "एकदा, दोनदा, तीनदा. सगळी सभा शांत. मग म्हणाला, मंडळी, साहेबलोक सभेत जे करतात तेच आता पाण्याला करायला शिकवलंय. साहेब पहिल्या रांगेत. तेही हसले. टाळ्या थांबेनात."

"तुम्ही होतात तिथे?" बाईंनी विचारलं.

"मी? छे. मी टेकडीवर, टाकीपाशी. ऐकीव सांगतोय."

"पण किती बारीकसारीक माहीत आहे तुम्हाला."

"अहो, चांगलं भाषण लपत नाही. आणि सगळ्यात बहार काय केली माहितीये? त्याच दिवशी मोठी जलवाहिनी फुटली होती. शहरात दोन दिवस थेंब नाही. सभेत प्यायला पाणी नाही. तर बोलता बोलता यानं रिकामा पेला उचलला, उजेडात धरला आणि म्हणाला, मंडळी, इतकं शुद्ध पाणी याआधी पाहिलंत का कुठे?" मी टेबलावरचा पेला तसाच उचलून धरला होता. "कडकडून टाळ्या. पाच मिनिटं. मागच्या रांगेतले तर बाकांवर उभे."

केमिस्टबाई हसल्या. पेन थांबलं होतं, ते पुन्हा चालू झालं. मी पेला खाली ठेवला. धाकटीनं तिचं पेन कागदावर आडवं ठेवलं.

"जलवाहिनी फुटली त्या दिवशी?" ती म्हणाली.

"त्याच दिवशी. म्हणून तर विनोद जमला."

"तुम्ही आम्हाला तेव्हा दिवस सांगितला नव्हतात."

"सांगितला असेल. तीस वर्षांपूर्वीचं कोणाला आठवतं."

"मला आठवतं. त्या सकाळी यांची अक्कलदाढ काढली. रक्त थांबेना म्हणून डॉक्टरनं तोंडात कापसाचा बोळा दाबून घरी पाठवलं. चूळ भरायला घरात पाणी नाही. शेजारणीकडून तांब्याभर मागून आणलं मी. दोन दिवस हे भिंतीकडे तोंड करून पडले होते, पाणीसुद्धा चमच्यानं पाजलं. कसली पन्हळ आणि कसला फळा?"

मी म्हटलं, "धाकटे, दिवस मागेपुढे झाला असेल."

"जलवाहिनी एकदाच फुटली, भाऊजी." तिचा आवाज मुळीच चढला नव्हता. ती माझ्याकडे नाही, केमिस्टबाईंकडे बघत होती. "तुमच्या त्या पत्रानंतर दोन महिने मी यांना टोचून बोलले. म्हटलं, बायकोशी बोलायला जीभ वळत नाही आणि परक्यांपुढे सगळं ओकून आलात. एकदाही म्हणाले नाहीत की मी नव्हतो. दुसरं पान वाचलं होतं ना त्यांनी, सभेचा दिवस त्यातच असणार. त्यांना कळलं असणार कोण ते. ताईचा संसार होता म्हणून गप्प बसले. आणि मी त्यांना मरेपर्यंत फितूर समजत राहिले."

तिनं कागदाची उभी घडी घातली, मग आडवी, आणि सही न करता पिशवीत टाकला.

"खोटं बोलताय तुम्ही, भाऊजी. ते भाषण तुमचं आहे."