धाकल्या टाकळीचा मास्तर

त्रिंबक हा अंतरवाली सराटीतल्या मेंढरं राखणाऱ्या रखमाजीचा मुलगा. त्या घरात अक्षर ओळखणारा तो पहिलाच. जालन्याला नातलगांच्या ओसरीवर झोपून त्यानं निजामाच्या राज्यातली उर्दू मिडलची परीक्षा काढली, मग औरंगाबादला वर्षभर मास्तरकीचं ट्रेनिंग घेतलं. निकालात तिसरा आला. सरकारी शिक्क्याची सनद घेऊन घरी आला तेव्हा त्याची आई बायनाबाई सनदेला हळदकुंकू लावायला निघाली. "डाग पडंल," म्हणून त्यानं लावू दिलं नाही. पुढं त्याला वाटायचं, लावू द्यायला पाहिजे होतं. दोन वर्षं त्या कागदाचा दुसरा काही उपयोगच झाला नाही.

दर दोन महिन्यांनी तो औरंगाबादच्या तालीम कचेरीत, म्हणजे शिक्षण खात्यात, जायचा. जालन्यापर्यंत पायी, नाहीतर कुणाच्या बैलगाडीत, पुढं आगगाडी. कारकून वर न बघताच सांगायचा, "जागा खाली न्हाई. दरखास्त ठेवून जा." त्याच्याबरोबर पास झालेल्यांपैकी ज्यांचे मामे-चुलते कचेरीत होते ते लागले. एकजण जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर उभा राहिला. त्रिंबक मेंढरांमागं गेला. गावातली माणसं आधी त्याला मानानं मास्तर म्हणायची. दुसऱ्या वर्षी तीच हाक थट्टेची झाली.

अशात वडीगोद्रीच्या बाजारात त्याला बद्रीनाथ मास्तर भेटला. धाकल्या टाकळीच्या सरकारी शाळेवर नेमणूक बद्रीनाथची, पण त्याचा सगळा जीव जालन्यात, सासऱ्याच्या आडत दुकानात.

"त्रिंबक, तू ट्रेनिंग केलेला माणूस. मेंढरं काय वळून राह्यलास?" तो म्हणाला. "माझ्या शाळेवर बस. मी पंधरा दिवसाला येऊन हजेरीवर सही करीन. तुला ज्वारी देतो, हातखर्चीला देतो. माझी बदली झाली की जागा तुझीच. तिथं शिकवून राह्यलेला माणूस सोडून सरकार दुसरा कशाला धाडंल?"

त्रिंबकनं एक रात्र विचार केला आणि सकाळी निघाला.

धाकल्या टाकळीची शाळा म्हणजे मारुतीच्या देवळामागची एक खोली. पोरं बावीस, तीही कापूस वेचणीला निम्मी गायब. त्रिंबक घरोघर फिरला. ज्याचं पोरगं गुरांमागं जायचं त्याला म्हणाला, "दुपारपर्यंत मला द्या, मंग तुम्हाला." पोरं वाढत वाढत एकेचाळीस झाली. त्यानं चिंचोके देऊन पाढे घेतले, अंगणात काठीनं रेघा ओढून नकाशा शिकवला. दीड वर्षात तिसरीतली पोरं मराठी धडा घडाघडा वाचायला लागली, उर्दूची इबारत, म्हणजे मजकूरही, लिहायला लागली. कारभारी नावाचा एक कुणबी आपल्या मुलीला घेऊन आला आणि म्हणाला, "हिला पण बसवा, गुरुजी." त्या दिवशी त्रिंबक जेवायचंही विसरला.

मग मुआयना, म्हणजे शाळेची तपासणी, लागला. इन्स्पेक्टर साहेब येणार, असा हुकूम आला आणि आदल्या दिवशी बद्रीनाथ धावत टाकळीला पोचला.

"तू उद्या गावाला जा," तो म्हणाला. घटकाभरानं त्यालाच घाम फुटला. "न्हाई, थांब. मला एकाही पोराचं नाव ठाऊक न्हाई. तू दारात उभा राह्य. मी हजेरी घेताना अडलो तर हळू सांग. पाणी बिणी दे साहेबाला."

"आन् साहेबानं इचारलं, मी कोण?"

"तेवढं मी बघतो."

साहेब घोड्यावरून आले, बघायला गाव अंगणात जमलं. वय झालेला, शांत माणूस. त्यांनी धडा वाचायला लावला, हिशेब घातले. पोरं धडाधड उत्तरं देत होती. पण उत्तर दिलं की प्रत्येक पोर दाराकडं बघायचं, बरोबर आलं का म्हणून. साहेबांच्या ते ध्यानात आलं.

"ये बच्चे उधर क्यों देखते हैं?"

"चपराशी है, हुजूर," बद्रीनाथ म्हणाला. "पोरं त्याला भितात."

साहेबांनी त्रिंबककडं वळून विचारलं, "तुम चपराशी हो?"

खोलीत एकेचाळीस पोरं होती. कारभाऱ्याची मुलगी पहिल्या रांगेत पाटी धरून त्याच्याकडं बघत होती. त्रिंबकच्या मनात आलं, खरं सांगितलं तर बद्रीनाथची नोकरी जाईल, शाळा बंद पडेल, आणि आपण सरकारी शाळेत चोरून शिकवलं म्हणून आपल्यालाही धरतील. शिवाय जागेचा शब्द होता.

"जी हुजूर," तो म्हणाला, आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

साहेबांनी शेरा फार चांगला लिहिला. दोन महिन्यांत बद्रीनाथ जालन्याला मोठ्या शाळेवर बढतीनं गेला. टाकळीची जागा खाली झाली. त्रिंबकनं सनद घेतली, धुतलेलं धोतर नेसला आणि औरंगाबाद गाठलं.

आत त्याच साहेबांसमोर त्याला उभं केलं. साहेबांनी सनद पाहिली, मग त्याच्याकडं पाहिलं.

"तुम तो टाकळी के चपराशी हो."

त्रिंबकनं सगळं सांगितलं. कसा गेला, कसं शिकवलं, पोरांची नावंसुद्धा सांगितली. साहेबांनी ऐकून घेतलं. बद्रीनाथचा लेखी जबाब मागवला आणि त्रिंबकला आठ दिवसांनी यायला सांगितलं. आठ दिवसांनी जबाब टेबलावर होता. त्यात लिहिलं होतं, इसम शाळेत झाडलोट व पाणी करीत असे, शिकविण्याचे काम त्याने कधीही केलेले नाही.

"मला तुझं खरं वाटतं," साहेब आता त्याच्याशी मोडक्या मराठीत बोलले. "पण कागदावर काय आहे? त्या दिवशी तू माझ्यासमोर झूट बोलला. तेव्हा खरं बोलला असता, तर तिथंच, पोरांच्या समोर, तुला जागा दिली असती."

साहेबांनी शिवी दिली असती तर त्रिंबकला बरं वाटलं असतं. तो सनद उचलून बाहेर आला. टाकळीवर कचेरीतल्या एकाचा मेहुणा नेमला गेला. ट्रेनिंग न झालेला.

परतीच्या वाटेवर तो जालन्यात आडत दुकानावर गेला. मारायचं असं ठरवूनच गेला होता. बद्रीनाथ त्याला बघून उठला, आत घेऊन गेला.

"मंग मी काय लिहायला पाहिजे होतं, तूच सांग," तो म्हणाला. "मी शिकवलंच न्हाई, असं? मला लेकरं हायेत, त्रिंबक. च्या घे."

चहा समोर आला. त्रिंबक सकाळपासून उपाशी होता. तो चहा प्याला. बद्रीनाथ काय काय बोलत होता ते त्यानं ऐकलंच नाही. आपण पितोय, एवढंच त्याला कळत होतं. त्यासाठी त्यानं स्वतःला कधी माफ केलं नाही.

घरी येऊन तो पुन्हा मेंढरांमागं गेला. पावसाळा संपता संपता कारभारी कुणबी अंतरवालीला आला. नव्या मास्तरचा निरोप होता. मास्तरला टाकळीचं पाणी मानवत नव्हतं, तो औरंगाबादलाच राहणार होता. ज्वारी पहिल्याइतकीच.

"पोरं विसरून राह्यलीत, गुरुजी," कारभारी म्हणाला. "मास्तर कसा का असंना, तुम्ही या."

"तुमचं गाव मला चपराशी म्हणतं का गुरुजी?" त्रिंबकनं विचारलं.

"गावाला समदं ठाऊक हाय."

"मंग त्या दिवशी एकजण तरी बोलायचा होता."

साहेबापुढं बोलायची छाती गावात कुणाचीच नव्हती. त्रिंबकला ते सांगायची गरजही नव्हती. त्यानं बायनाबाईकडून भाकरी बांधून घेतली आणि कारभाऱ्याच्या मागं चालायला लागला.

नऊ वर्षं त्यानं टाकळीची शाळा चालवली. हजेरीवर सह्या बदलत गेल्या, तीन मास्तर झाले. मुआयन्याच्या दिवशी तो मेंढरं बघायला गावी जायचा. एवढी एक अट त्यानं घातली होती.

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. नव्या कचेरीत मराठी चालायला लागली आणि मास्तरांची भरती निघाली. त्रिंबक गेला. तरुण कारकुनानं त्याला बसायला सांगितलं, आदरानं विचारलं, "कुठं नोकरी केली का आधी?"

"न्हाई," त्रिंबक म्हणाला.

कारकुनानं सनदेवरची तारीख बघितली, बोटांवर वर्षं मोजली. "वय निघून गेलंय हो तुमचं," तो म्हणाला आणि पुढच्याला हाक मारली.