डेर्नाआज्जीचा वाकडा पाट

मी एक जुना पाट आहे. मित्रांनो, बसायचा पाट नव्हे हं, लाटायचा! तुमच्या घरच्या पोळपाटाचा मला थोरला भाऊ समजा. दोन हात रुंद, तीन हात लांब, पॉप्लरच्या लाकडाचा. माझ्यावर एका वेळी बारा माणसांच्या रुंद, फितीसारख्या शेवया लाटून कापता येतात. बारा! विचारून बघा एकदा तुमच्या पोळपाटाला.

आणि आधीच सांगून टाकतो, मी वाकडा आहे. टेबलावर ठेवला की डुगडुगतो. एक कोपरा दाबला की समोरचा वर येतो. बघणारे हसतात. हसू देत! मला या वाकडेपणाचा जेवढा अभिमान आहे तेवढा दुसऱ्या कशाचाच नाही.

माझा जन्म १९६६ सालचा. इटलीतल्या रोमान्या भागात, टेकड्यांमधल्या एका गावात डेर्ना नावाच्या मुलीचं लग्न ठरलं. तिचे वडील सुतार होते. मुलीला द्यायला त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं, म्हणून त्यांनी मला घडवलं. महिनाभर रंधा मारून मला गुळगुळीत केलं आणि एका कोपऱ्यात 'डे' हे अक्षर आणि साल कोरलं. देताना म्हणाले, "पोरी, याला पाणी लावायचं नाही. कणीक खरवडायची, पिठी झाडायची, कोरड्या फडक्यानं पुसायचं. पाणी लागलं की लाकूड रुसतं."

डेर्नाने हे व्रतासारखं पाळलं. दर रविवारी माझ्यावर किलोभर मैद्याचं आळं व्हायचं, आळ्यात दहा अंडी फुटायची आणि डेर्नाचं लांबलचक लाटणं फिरायला लागायचं. लग्न असो, मयत असो की निवडणुकीचा निकाल, माझ्यावाचून या घराचं पान हललं नाही. शेजारणी म्हणायच्या, "डेर्ना, तुझ्या पाटावर एवढासा डाग नाही गं!" डेर्ना हनुवटी वर करायची. "हात लागतो त्याला," म्हणायची. मीही फुशारून जायचो.

फक्त एक गोष्ट लोकांना कोड्यात टाकायची. कोरलेलं अक्षर लाटायच्या बाजूला होतं. त्यात पीठ अडकायचं, कधी कधी शेवईवर उलटा 'डे' उमटायचा. "एवढा मोठा सुतार, आणि अक्षर वरच्या बाजूला कोरलं?" असं कुणी विचारलं की डेर्ना म्हणायची, "वडील हौशी होते माझे." आणि लगेच विषय बदलायची.

मग डेर्नाचं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण जोर गेला. घरात पाकिटातल्या शेवया यायला लागल्या आणि माझी रवानगी दारामागे झाली, झाडूच्या शेजारी. सहा वर्षं! माझ्यासारख्या पाटाने झाडूच्या शेजारी सहा वर्षं काढली, मित्रांनो. झाडू बिचारा बरा होता, पण दुःख ते दुःखच.

डेर्नाचा मुलगा इवानो आणि सून मोरेना त्याच घरात राहत होते. त्यांना मूल नव्हतं. सात वर्षं त्यांनी दत्तक घेण्यासाठी अर्ज केले, मुलाखती दिल्या, वाट पाहिली. शेवटी दूरच्या कोलंबियातून एक फोटो आला. यूरानी, वय वर्षं नऊ. लहानपणापासून अनाथाश्रमात. मध्ये तिथल्याच एका कुटुंबाने तिला सांभाळायला नेलं होतं आणि चार महिन्यांनी परत आणून सोडलं होतं.

डेर्नाने फोटो लांब धरून पाहिला. "नऊ? सात वर्षं वाट पाहिलीत आणि आणताय कोण, तर लग्नाला आलेली मुलगी!"

"आई, काहीतरीच काय!"

"अरे, कोवळी फांदी वळते. नऊ वर्षांची म्हणजे जून लाकूड. तिला आता काय वळण लागणार?"

"तू सुताराची मुलगी आहेस की न्यायाधीशाची?" इवानो चिडला.

"सुताराची! म्हणून तर सांगते."

पण बोलणं एक आणि करणं एक, अशी ही बाई. दोघं विमानतळाकडे निघाले आणि त्याच दुपारी तिने मला दारामागून ओढून काढलं. कोरड्या फडक्याने पुसलं. म्हणाली, "चल रे म्हाताऱ्या. पोर येतेय."

कोलंबियातले कागदपत्रांचे सोपस्कार आटोपून सहा आठवड्यांनी, ऑक्टोबरमधल्या एका सोमवारी, दोघं यूरानीला घेऊन आले. पाठीवर निळी पिशवी, केसांच्या दोन घट्ट वेण्या. तिची भाषा आणि आमची भाषा चुलत बहिणी. निम्मं कळायचं, उरलेलं हातवाऱ्यांनी भागायचं. ती मोरेनाला 'बाई' म्हणायची आणि इवानोला 'साहेब'. काहीही विचारा, उत्तर एकच, "हो, बाई."

आणखी सूप? हो, बाई. थंडी वाजते? हो, बाई. खिडकी उघडू? हो, बाई. न सांगता ती अंथरूण घडी करायची, भांडी विसळायची. पानातलं कण न् कण संपवायची. फक्त पाव तेवढा तिच्या खिशात जायचा. मोरेनाने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने पावाची टोपली उचलून यूरानीच्या खोलीतच ठेवली. निळी पिशवी मात्र भरलेलीच राहिली, पलंगाच्या पायाशी.

शुक्रवारी यूरानी अंगणात असताना डेर्ना म्हणाली, "ही पोर एकदाही नाही म्हणत नाही. मला धास्ती वाटते."

"समजूतदार आहे," मोरेना म्हणाली.

"समजूतदार नाही, पाहुणी आहे. पाहुणेच असं वागतात."

शनिवार उजाडला. तिच्या आश्रमात शनिवार म्हणजे टेबलं घासायचा दिवस. तो तिच्या अंगवळणी पडलेला. सगळे उठायच्या आत ती स्वयंपाकघरात आली. आणि सर्वांत मोठं लाकूड कोणतं दिसलं? मी!

मित्रांनो, पुढचं सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. कढत पाणी, साबण आणि ब्रश! तिने मला जमिनीवर आडवा घातला आणि वरून घासलं. मग उलटा केला. खालच्या बाजूला ती थबकली आणि तिथे एकाच जागी अर्धा तास घासत राहिली. का, ते मी तुम्हाला थोड्या वेळाने सांगेन. अठ्ठावन्न वर्षं ज्याने पाण्याचा थेंब पाहिला नव्हता, त्याला त्या दिवशी अंघोळ घडली. वर तिने मला लवकर वाळावं म्हणून रात्रभर घर उबवणाऱ्या धगधगत्या स्टोव्हला टेकवून उभं केलं.

दोन तासांत मी कुरकुरलो, ताणला गेलो, वाकलो. कोपऱ्यापाशी फट्कन चीर गेली.

"अगं बाई! माझा पाट! कुणी केलं हे?" डेर्नाचा आवाज चर्चपर्यंत गेला असेल.

यूरानीने शाळेत करतात तसा हात वर केला. ती वर गेली आणि थोड्या वेळाने खाली आली. अंगात कोट, पाठीवर निळी पिशवी. दाराजवळच्या स्टुलावर बसली आणि विचारलं, "गाडी किती वाजता येणार?"

"कसली गाडी?" मोरेनाला कळेना.

"त्या घरी मी कपाटाची काच फोडली होती. दुसऱ्या दिवशी गाडी आली."

इवानो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. "कुठलीही गाडी येणार नाही. तू आमची आहेस. कायमची."

"हो, साहेब," यूरानी म्हणाली आणि तशीच बसून राहिली. हे शब्द तिने त्या घरीही चार महिने ऐकले होते. मोरेनाने कोट काढायला हात लावला, तर तिने बटणं घट्ट धरली. बारा वाजले तरी ती तिथेच होती, नजर रस्त्याकडे.

मी खरं सांगतो, मला तिची दया आली नाही. मी रागाने फुटायचाच बाकी होतो. येऊ दे गाडी, असं माझ्या मनात आलं. ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

डेर्ना माझ्याकडे पाठ करून बसली होती. शेवटी नुकसान किती झालंय ते पाहायला उठली. तिने मला टेबलावर उलटा केला आणि तिचा हात थांबला. खालच्या बाजूला मधोमध लाकूड घासून घासून खरबरीत झालं होतं, आणि त्याच्या मध्ये एक काळं वर्तुळ होतं. ताटलीएवढं.

हो मित्रांनो, डाग! एवढा वेळ मी फुशारक्या मारल्या, पण माझ्या खालच्या अंगाला हा डाग पहिल्यापासून आहे. डेर्नाने लपवला आणि मीही लपवला.

"ए पोरी, इकडे ये."

यूरानी पिशवीसकट आली.

"हा घासत होतीस?"

"हो, बाई. तो गेला तर तुम्ही खूश व्हाल असं वाटलं. पण जातच नव्हता."

"जाणार नाही. मी काय कमी घासलाय?" डेर्नाने खुर्ची ओढली. "माझ्या लग्नाला आठ दिवस झाले होते. सासू शेतावर गेलेली. मी चुलीवरचं पातेलं उचललं आणि ठेवलं थेट याच्यावर. असा धूर निघाला! लाकूड पार कोळसा. मग मी काय केलं असेल?"

यूरानीने मान हलवली.

"माझी पेटी भरली आणि दारात बसले. अशीच. वाटलं, आता माहेरी पाठवणार. बापाला काय तोंड दाखवू?"

यूरानीचे डोळे मोठे झाले. "मग गाडी आली?"

"गाडी कसली? सासू आली! तिने डाग बघितला. पाट उलटा केला, मैदा ओतला आणि म्हणाली, 'उभी काय राहिलीस? अंडी फोड.' संपलं. मरेपर्यंत पुन्हा विषय काढला नाही तिने."

इवानो आ वासून ऐकत होता. "म्हणजे ते कोरलेलं अक्षर..."

"हो, ते खालच्याच बाजूचं! माझा बाप काही वेडा नव्हता. तू गप्प बस. हे मी तुझ्या वडिलांनासुद्धा सांगितलं नव्हतं."

मग डेर्नाने मला पुन्हा सुलटा केला. मी टेबलावर डुगडुगलो. तिने मैद्याचा डबा उचलून माझ्यावर ओतला, बोटांनी आळं केलं आणि यूरानीकडे पाहिलं.

"उभी काय राहिलीस? अंडी फोड."

यूरानी हलेना. मग तिने एक अंडं घेतलं आणि माझ्या कडेवर आपटलं. मग दुसरं. टरफलाचा तुकडा आत पडला, तो डेर्नाने नखाने काढला. कणीक मळून झाली तशी ती म्हणाली, "आता तो कोपरा धर. हा एकटीला लाटू देणार नाही. तू वाकवलास, तूच धरायचास."

"आज?"

"दर रविवारी. मी आहे तोवर. पुढचं तुझं तू बघ."

कोपरा दाबायला ओणवं व्हावं लागत होतं आणि पिशवी सारखी डोक्यावर येत होती. यूरानीने ती काढून टेबलाखाली ठेवली. मग उकडायला लागलं, म्हणून कोटही काढला. तिने दोन्ही तळव्यांनी, सगळा भार टाकून मला दाबून धरलं. डेर्नाच्या अधू मनगटाने सहा वर्षांनी लाटणं फिरवलं. मोरेना सिंककडे तोंड करून रडत होती. आणि माझा राग? कुठल्या कुठे गेला! त्या दिवशीच्या शेवया जाडबारीक झाल्या, पण परातीत एक उरली नाही.

नोव्हेंबरात इवानोने सुताराला बोलावलं. "याला रंधा मारून सपाट करून टाका," म्हणाला. सुताराने मला काखेत मारलं आणि तो दारापर्यंत गेला, तोच यूरानी आडवी उभी राहिली.

"नाही!"

सगळे चपापले.

"नाही न्यायचा! तो आमच्या घरचा आहे. आणि सपाट झाला तर मी काय धरू?" तिने पाय आपटला. "आज्जी, सांग ना यांना!"

आज्जी! डेर्ना खुर्चीतून उठली ती थेट शेजारी गेली, तिथून बेकरीत आणि बेकरीतून चर्चच्या पायऱ्यांवर. भेटेल त्याला सांगत सुटली, "ऐकलंत का? माझी नात उलट बोलते! पाय आपटते! अगदी माझ्यावर गेलीय!" गावात नातीच्या आगाऊपणाची एवढी मिरवणूक कुणी काढली नसेल. सुतार कॉफी पिऊन रिकाम्या हातांनी परत गेला. मी भिंतीशी उभा राहून पाहत होतो, आणि माझी छाती पाण्याने आलेल्या बाकाहूनही थोडी जास्त फुगली असावी.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. माझ्या जातीच्या पाटांना पाणी लावू नका, कोरड्या फडक्याने पुसा. पण कुणी नकळत लावलंच, तर आधी पाट उलटा करून पाहा आणि मगच ओरडा. आणि तुमच्या वर्गात, तुमच्या वाड्यावस्तीत कुणी उशिरा आलं, लांबून आलं, सारखं 'हो हो' म्हणत राहिलं, तर त्याला तुमच्या पाटाचा एक कोपरा धरायला द्या.

निळी पिशवी आता रिकामी करून झाली आहे. तिच्यात पुस्तकं आणि रंगपेटी असते. रोज सकाळी आठ वाजता ती यूरानीच्या पाठीवरून शाळेसाठी दारातून बाहेर जाते, आणि दुपारी एक वाजता धावत घरी येते.