साचेखात्यातलं बोलणं

...खिशात बोटांना काहीतरी मऊ लागलं. नेल्डाने ते आतल्या आतच चिमटीत धरलं. दाबलं की बारीक होतं, सोडलं की सावकाश, आळस दिल्यासारखं फुगतं – कानात घालायचा बोळा, पिवळ्या स्पंजाचा, गिरणीतला. त्याचा जोडीदारही अस्तराच्या शिवणीत अडकलेला सापडला. गेल्या हिवाळ्यात गिरणीचं फाटक बंद झालं त्या दिवशी हाच कोट अंगावर होता, आणि त्यानंतर आज सकाळी दवबिंदू गोठले म्हणून तो पुन्हा बाहेर काढला, एवढंच. पण बोळा हाताला लागला आणि तळपायांना जमिनीची ती थरथर जाणवली, जी या कॉलेजच्या गुळगुळीत फरशीला जन्मात येणार नव्हती.

फळ्याजवळ मिस टीग बोलत होती. म्हणजे बोलत असावी. वर्गाकडे पाठ करून ती फळ्यावर लिहायची आणि लिहिता लिहिताच बोलायची, आणि तिची पाठ काही नेल्डाला वाचता येत नव्हती. बहिरी नाही मी... डॉक्टरनेही तसं लिहून दिलंय; पण तीस वर्षं साचेखात्यात, कापड विणणाऱ्या साच्यांच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला शब्द ओठांवर दिसले तरच ऐकू येतात, आणि हे त्या पोरीला सांगायचं कोणी? वर्गात सगळी गिरणीतलीच माणसं. सगळ्यांची तीच गत, आणि सगळे मान डोलावत बसलेले. कापड आता बाहेरच्या देशांतून बोटी भरभरून येतं, त्यामुळे तुमची कामं गेली हे सरकारने मान्य केलंय, म्हणून शिका, शिकाल तोवर दर आठवड्याला भत्ता मिळेल – असं राज्याच्या राजधानीतून, कोलंबियाहून आलेल्या बाईंनी सांगितलं होतं. सरकारचं वाईट नाही वाटत. सरकारने बिचाऱ्याने जे गेलं असं त्याला दिसलं, त्याची भरपाई केली.

समोर, टेबलांच्या पलीकडच्या रांगेत, हॉयट. संगणकाच्या त्या अगडबंब पडद्याच्या वरून त्याचं फक्त कपाळ दिसत होतं, भुवया, आणि डोळे. तोंड पडद्याआड. चार महिने हे असंच. वर्गात नेल्डाला जागा मिळाली ती नेमकी त्याच्या समोरची, आणि मिळून उपयोग काय?

शनिवारी तो जाणार होता. टेक्सासमध्ये बाटल्यांच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचं काम. इथे आसपास काम नसेल आणि दूर कुठे मिळालं, तर सामान हलवायचा खर्चही त्याच योजनेतून मिळतो. हॉयटचं सामान ते काय! एक पलंग, हत्यारांच्या पेट्या, आणि वारलेल्या बायकोचं शिवणयंत्र, जे तो कुणाला देत नाही आणि वापरतही नाही. हे सगळं नेल्डाला माहीत होतं. त्याच्या घरात तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं, तरी माहीत होतं.

कारण तो जॉबर होता आणि ती विणकरीण. साचा अडला की दोन बोटं वर करून मनगट फिरवायचं, की तो कुठेही असला तरी यायचा; आणि साचा दुरुस्त करता करता, त्या कानठळ्या बसवणाऱ्या गदारोळात, नुसते ओठ हलवून बोलायचा. सगळेच बोलत तसे. पण हॉयटचे ओठ... काय सांगू, स्वच्छ होते. बायकोचं दुखणं त्याने तिथेच सांगितलं. नेल्डाने नवऱ्याची बाटली सांगितली, पुढे त्याचं मरण सांगितलं, आणि रडू आलं नाही हेही सांगितलं – जे तिने चर्चमध्ये, देवासमोरसुद्धा कधी कबूल केलं नव्हतं. साचेखात्यात दोघं एकमेकांना ‘अरे’ आणि ‘अगं’. पाळी सुटली, फाटकाबाहेरच्या शांततेत आलं, की दोघांची तोंडं शिवल्यासारखी. ‘बराय, मिस नेल्डा.’ ‘बराय, हॉयट.’ की लागले आपापल्या गाडीला.

एकदा वीज गेली होती. सगळे साचे एकदम थांबले, आणि त्या भयाण शांततेत हॉयट तोंड उघडं टाकून तसाच उभा, वाक्याच्या मधोमध. दोघं अशी ओशाळली, जणू कुणी अंगावरचं पांघरूण ओढलं. मग वीज आली, गदारोळ सुरू झाला, आणि तो जिथे थांबला होता तिथूनच पुढे म्हणाला: म्हणून मग आईने तो कुत्रा ठेवूनच घेतला. किती हसली होती ती!

आता साचे गेले, वीज कायमची गेली म्हणायची, आणि वाक्य मधोमध राहिलं.

मधल्या सुट्टीत हॉयटने नेहमीसारखे खारे शेंगदाणे कोलाच्या बाटलीत ओतले. गिरणीत हात तेलकट असायचे म्हणून सगळे असंच खात. आता हात स्वच्छ, तरी तेच. ओफेलिया, जिचे साचे नेल्डाच्या शेजारीच होते, कोपराने ढोसून म्हणाली, “अगं, किती बघशील! त्या बाटलीला भोक पडेल.”

“गप गं. ऐकेल तो.”

“ऐकू दे की! शनिवारी चाललाय तो. का टेक्सासला पत्र टाकून कळवणारेस?”

“फोन करीन म्हणालाय.”

“फोन!” ओफेलियाने कपाळावर हात मारला. “तू माझाच फोन दोन मिनिटांत ठेवतेस, आणि मी तर बोलणारी बाई आहे. तो मुखदुर्बळ, तू अशी. दोघं बसाल एकमेकांचा श्वास ऐकत.”

खरंच होतं ते. फोनला ओठ नसतात. शनिवारनंतर हॉयट कुठेच नसेल... आणि परवा पार्किंगमध्ये तो आपण होऊन जवळ आला होता, टोपी हातात घेऊन, आणि म्हणाला होता, “टेक्सासात उन्हाळा फार असतो म्हणे.” आणि मी काय म्हणाले? “हो, असतो.” मी कधी गेलेय टेक्सासला? त्याने टोपी घातली, गेला. त्या उन्हाळ्यामागे काहीतरी होतं, आणि मी मूर्खासारखी हवामान सांगत बसले. पुढचं वाक्य माझं होतं. ‘जाऊ नकोस’ म्हणायला हवं होतं, एवढंच, दोन शब्द. पण आवाजात म्हटले की शब्द केवढे मोठे होतात.

वर्ग पुन्हा भरला. कुठलंतरी बटण चुकीचं दाबलं गेलं आणि नेल्डाचा पडदा थिजला. मिस टीगची पाठ. शेजारी बटणांची टकटक, डोक्यावर दिव्यांची बारीक गुणगुण, आणि ही शांतता, छातीवर बसणारी. नेल्डाने दोन्ही बोळे चिमटीत वळले आणि कानांत घातले. ते सावकाश फुगले. टकटक गेली, गुणगुण गेली, आणि आत, खोल कुठेतरी, तिचं स्वतःचंच रक्त साच्यांसारखं घुमू लागलं. किती दिवसांनी बरं वाटलं. आणि मग, काही विचार न करता, वर्षानुवर्षांच्या सवयीने, तिने दोन बोटं वर केली आणि मनगट फिरवलं.

पडद्यामागचं ते कपाळ हललं. हॉयट उभा राहिला. बिचाऱ्याचे पाय आपोआप उठले असावेत. स्वतःच गोंधळून तो उभा होता, पण आता तोंड दिसत होतं, पूर्ण, स्वच्छ.

काय झालं? ओठांनी विचारलं.

अडलाय.

कशात?

आणि ती म्हणाली. नुसत्या ओठांनी. जाऊ नकोस म्हणायला तोंड उघडलं होतं तिने, देवाशपथ, तेच म्हणायचं होतं. पण ओठांवर आलं ते वेगळंच, तिने स्वतःशीसुद्धा कधी न म्हटलेलं. हे गाव, आईची कबर, मागच्या दारचं अंजिराचं झाड, सगळं मागे टाकणारं. मलाही ने.

हॉयट बघत राहिला. त्याचे कान हळूहळू लाल झाले. मग त्याचे ओठ हलले – पुन्हा सांग – आणि त्याच वेळी सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या, फळ्यापाशी मिस टीगही वळली, हातात खडू तसाच. तेव्हा नेल्डाच्या लक्षात आलं, की तो आवाजात बोलला होता. भर वर्गात, मोठ्याने.

ओठ वाचण्यात हॉयट कधी चुकला नव्हता. साचे पूर्ण जोरात असताना, खात्याच्या दुसऱ्या टोकावरून, तिचा एक शब्द त्याने कधी सोडला नव्हता. त्याला कळलं होतं. कळूनच तो विचारत होता, आणि बसत नव्हता. सगळे बघत असताना, टेबलाची कड धरून, साच्याशी उभा राहायचा तसा उभा होता.

नेल्डाने हात वर नेला आणि एक बोळा काढला, मग दुसरा. शांतता भसकन आत आली. त्या शांततेत तिला आपला श्वास ऐकू आला, आणि पलीकडे, पहिल्यांदाच, त्याचाही. तिला भीती वाटली नाही. तिने घसा साफ केला.