आधी दोन घास

"थांबा! गुरुबसप्पा, मेलेल्या पोराची खबर देऊन राहिले तुम्ही, का मोंढ्यात सौदा पुकारून राहिले?"

शीला खुर्चीवरून ताडकन उठली. उद्या नांदेडला स्पर्धेचा प्रयोग, आणि आज देगलूरच्या मंगल कार्यालयात रंगीत तालमीला बसलेले लोक खो खो हसले होते. नाटक अडीच हजार वर्षांपूर्वीची ग्रीक शोकांतिका. राणीचा मुलगा रणात पडतो, दूत येऊन सांगतो. दूत झालेला गुरुबसप्पा छाती पिटत धावत आला, राणी झालेली मनिषा धाडकन कोसळली, आणि पुढच्या रांगेतल्या बायांनी तोंडाला पदर लावला.

शीला पोस्टात काउंटरवर बसे. पण गेली कित्येक वर्षं या जुन्या शोकांतिका तिनं पिंजून काढल्या होत्या, त्याही दिग्दर्शकाच्या नजरेनं. नियतीबियती राहू दे. प्रेत उचलायचं कुणी आणि न्यायचं कोणत्या विंगेतून, ते आधी सांगा, असा तिचा खाक्या. त्या नाटकांत मरण बहुधा रंगमंचावर येत नाही, त्याची खबर येते. म्हणजे सगळी मदार खबर देणाऱ्यावर, आणि नेमका तिथंच गाडा रुतला होता. उद्या लोक असेच हसले तर पुन्हा कुणाला तोंड दाखवायची सोय नव्हती.

"मंग कसं सांगू, मॅडम?" गुरुबसप्पानं घाम पुसला.

"घरी कसं सांगतेत, तसं सांगा की."

"घरी कुठं सांगतेत? मामा गेले तवा मला म्हनले, तब्येत नरम हाय, चल."

शीलाला लातूरचं हॉस्टेल आठवलं. गावाहून तिचे काका ग्यानोबातात्या अचानक आले होते. "अण्णाला जरा बरं न्हाई. आधी जेवून घे, माय." तिनं मेसमध्ये पोटभर खाल्लं, वर भात मागून घेतला. तात्या समोर बसून बघत होते. गावी पोचली तर दारात माणसं जमलेली. बाप गेलेला आणि आपण भात मागत होतो! ते जेवण तिनं तात्यांना कधी माफ केलं नव्हतं.

आज एकदम लख्ख उजेड पडला. एकदा कळल्यावर पोरीच्या घशाखाली घास उतरणार नाही, हे त्या माणसाला ठाऊक होतं.

"भाकरी आना कुणीतरी!" ती आनंदानं ओरडलीच. "पळा जल्दी!" मग तिनं तात्यांना फोन लावला. "तात्या, उद्या नांदेडला यायचं म्हंजे यायचं."

दुसऱ्या दिवशी दूत धावला नाही. त्यानं चपला काढल्या, राणीपुढं ताट सरकवलं. "आधी दोन घास खाऊन घ्या, माय."

राणीनं घास मोडला. मागून एका म्हातारीचा आवाज आला, "गेलं गं लेकरू." कुणी हसलं नाही. विंगेत शीलाला नाचावंसं वाटत होतं आणि डोळे वाहत होते.

पडदा पडल्यावर तात्या काठी टेकत आत आले. नाटकाबद्दल चकार शब्द नाही.

"जेवलीस का?"

शीलानं त्यांचा हात घट्ट धरला. "तात्या, समदे बरे हायत ना?"

"हाव, समदे बरे हायत." म्हाताऱ्यानं काठी भिंतीला टेकवली. "म्हनून तर इचारतो."

तिनं राणीच्या ताटात उरलेली भाकरी उचलली, मोडली आणि अर्धी त्यांच्या हातावर ठेवली.