स्कोलामावशीचं शोकघर

आमच्या सिम्बू प्रांताच्या डोंगरात माणूस गेला की लोक विचारतात, "कुणी मारला?" कशानं गेला, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. त्यातून तरणाताठा माणूस गेला तर बघायलाच नको!

गिगमाई नावाच्या ड्रायव्हरचा धाकटा भाऊ नीमे तोंडातून रक्त पडून गेला, तेव्हाही तेच झालं. अंगणात खांब रोवून, वर ताडपत्री घालून शोकघर उभं राहिलं. अंगाला चिखल फासून सगळं कूळ रडायला बसलं. तिसऱ्या दिवशी रडणं ओसरलं आणि नजरा इकडेतिकडे फिरू लागल्या.

त्या येऊन थांबल्या स्कोलामावशीवर. ती गिगमाईच्या आईची धाकटी बहीण. बिचारी विधवा, मूल ना बाळ, त्यात परक्या कुळातली. बहीण गेल्यावर दोन्ही भाच्यांना तिनंच लहानाचं मोठं केलं होतं.

"ही रडत का नाही?" कुळातले थोरले काउपाकाका म्हणाले. "नीमेनं शेवटचं रताळं हिच्याच हातचं खाल्लंय."

"रडून रडून डोळे आटले रे माझे," मावशी म्हणाली.

"आटले, की त्याचं काळीज खाऊन पोट भरलं?" मागून कुणीतरी टोमणा मारला, आणि दोघंतिघं हसलेसुद्धा.

गिगमाईला खरं काय ते ठाऊक होतं. मिशनच्या दवाखान्यात तो सिस्टर लोकांची गाडी चालवायचा. नीमेला क्षय होता. सहा महिने रोज गोळ्या घ्यायच्या, घरच्या एका माणसानं समोर उभं राहून त्या गिळायला लावायच्या आणि कार्डावर खूण करायची, असा दवाखान्याचा नियम. तो घरचा माणूस म्हणजे गिगमाई. दोन महिन्यांत खोकला थांबला, तसा नीमे गोळ्या कॉफीच्या झाडांखाली फेकायला लागला. "दादा, ठणठणीत आहे की मी! कर ना खूण, कशाला उगाच त्या सिस्टरची बोलणी खायची?" असं म्हणायचा. भावावर माया, शिवाय रोज कोण वाद घालणार? गिगमाई खुणा करत राहिला.

त्या दिवशी सकाळी सिस्टर लुडविना कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. पलीकडच्याच खोऱ्यातल्या त्या, बावीस वर्षं इथं नर्स. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातांवर जन्मलेली. त्यांनी गिगमाईला बाजूला घेतलं.

"कार्ड पूर्ण भरलंय आणि माणूस गेला. काय झालं असेल ते मला कळलंय. तुला रागवायला आले नाही मी. आत जा आणि सांगून टाक."

"तुम्हीच सांगा ना, सिस्टर. तुमचं सगळे ऐकतात."

"ताप आला की ऐकतात! शोकघरात मरणाचं कारण रक्ताच्या माणसानंच सांगायचं असतं, हे तुला मी सांगू? मी बोलले तर म्हणतील, ही आपल्या औषधाची चूक झाकतेय."

"पण मग भावाला मीच मारलं असं होईल."

"तुझी चूक झाली. तिची लाज वाटेल, पण लाज सोसता येते, बाबा. तू आज गप्प बसलास तर तुझी लाज त्या म्हातारीला भोगावी लागेल."

गिगमाई आत गेला. काउपाकाकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "तू सख्खा भाऊ. नीमेला काही आजार होता?"

मावशीनं मान वर करून गिगमाईकडे पाहिलं. ती जराही घाबरलेली नव्हती. हा बोलणार, याची तिला खात्री होती.

"बरा झाला होता तो," गिगमाई म्हणाला आणि त्यानं मान खाली घातली.

अरेरे! बरा झालेला माणूस मेला, म्हणजे कुणीतरी मारलाच, एवढंच लोकांना ऐकायचं होतं.

पुढचं सगळं सांगवत नाही. चुलीत तापवलेल्या सळया बाहेर आल्या, एवढं पुरे. सिस्टर लुडविना कुंपणावरून उडी टाकून आत घुसल्या आणि मावशीच्या अंगावर आडव्या पडल्या. "आधी मला मारा!" त्या ओरडल्या. त्यांचा हात कोपरापर्यंत भाजला, तेव्हा कुठे माणसं भानावर आली. पण तोवर उशीर झाला होता.

दवाखान्यात मावशी दोन दिवस जगली. गिगमाई पडद्याबाहेर उभा असायचा.

"तिला तुला भेटायचं नाही," सिस्टरांनी सांगितलं.

"मावशी," तो बाहेरूनच रडत म्हणाला, "मी..."

"नीमेला मी खायला घातलं, खरंय," आतून क्षीण आवाज आला. "तुलाही मीच घातलं." त्यानंतर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

चेटकीण ठरलेल्या बाईसाठी आमच्याकडे शोकघर बांधत नाहीत. जो रडेल तोही तिच्यातलाच, असा समज. कुळातलं कुणी फिरकलं नाही. तेव्हा दवाखान्याच्या अंगणात चौघी सिस्टरांनी स्वतःच खांब रोवले, ताडपत्री बांधली, पांढऱ्या झग्यांवर चिखल फासला आणि मावशीच्या उशाशी बसून मोठ्यानं गळा काढला.

हे बघायला कुंपणाबाहेर ही गर्दी! काउपाकाकाही होते.

"सिस्टर, तुम्हालाही चेटकीण म्हणतील," गिगमाई हलक्या आवाजात म्हणाला.

"म्हणू देत. तिला रडायला कुणीच नको का रे?"

त्यानं वाकून चिखल उचलला, तोंडाला फासला आणि गर्दीकडे वळला.

"मी हिच्या रक्ताचा आहे, म्हणून ही कशानं गेली ते मी सांगणार! नीमेला क्षय होता. तो गोळ्या फेकत होता आणि मी खोट्या खुणा करत होतो. मावशीनं काही केलं नाही. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो, म्हणून ती गेली!"

"हे तेव्हा का नाही बोललास?" काउपाकाकांचा आवाज फाटला.

"भ्यालो, काका."

काका मटकन खाली बसले. थोड्या वेळानं एक बाई फाटक उघडून आत आली, मग दुसरी. काका मात्र बाहेरच बसून राहिले. स्वतःच्या हातांकडे बघत होते.

पोलिसांपुढेही गिगमाईनं हेच सांगितलं. आता आसपास कुठंही शोकघर उभं राहिलं की पहिल्याच दिवशी तो सिस्टर लुडविनांना गाडीत घेऊन जातो आणि नजरा फिरायच्या आत आपली गोष्ट सांगतो. तीन बायका त्यामुळे वाचल्या. पण मावशीनं आपल्याला माफ केलं की नाही, हे त्याला कधीच कळणार नाही.

बंधुभगिनींनो, चेटूक कुठंही नसतं. आजार असतो, आपलं अज्ञान असतं आणि आपली भीती असते. सळई धरणारा गुन्हेगार आहेच. पण खरं ठाऊक असून ज्यानं मान खाली घातली, त्याचाही हात त्या सळईला लागलेला असतो. तुम्हाला खरं ठाऊक असेल तर माणूस जिवंत आहे तोवर बोला. तो गेल्यावर बोललेलं त्याला ऐकू येत नाही.