चार दाती

मी चांद्या बोलतोय. कपाळावर पांढरा पट्टा आहे म्हणून चांद्या, एरवी अंगानं तांबडा. अमेरिकेतल्या जनावराला मराठी कशी येते, याचं नवल वाटून घेऊ नका. जनावर ज्याच्या हातचं खातं त्याची भाषा शिकतं, आणि मी सव्वा वर्ष लातूरकडच्या एका म्हाताऱ्याच्या हातचं खाल्लं आहे.

माझा जन्म २००२ सालच्या वसंतातला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या रेडमंड गावापासून थोडं पुढं एक खोरं आहे, तिथं वॉल्टर नावाच्या शेतकऱ्याचं कुरण होतं. माझ्यामागं चार दिवसांनी लाल्या जन्मला. आमच्या आया वेगळ्या, पण आम्ही दोघं एकाच झाडाखाली पावसाला पाठ करून उभे राहायचो, त्यामुळं भाऊच झालो. वॉल्टर वाईट नव्हता. चारा वेळेवर द्यायचा, कुणी लंगडलं तर डॉक्टर बोलवायचा. आमची शिंगं त्यानं लहानपणीच जाळली, कानात पिवळा बिल्ला ठोकला, आम्हाला खच्ची केलं. नाव मात्र ठेवलं नाही. ज्याला विकायचं त्याला नाव ठेवायचं नाही, हा त्याचा नियम होता.

इथं नांगर ट्रॅक्टर ओढतो. आमच्या जातीचा उपयोग एकच आहे आणि तो सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून कुणी तो बोलून दाखवत नाही.

कुरणाच्या कुंपणाला लागून नवी घरं झाली होती. त्यांतल्या एका घरात शुभा आणि तिचा नवरा कुमार राहायचे. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. २००३ च्या उन्हाळ्यात शुभानं वडिलांना कायमचं बोलावून घेतलं. आई गेली होती, गावाकडं त्यांना बघणारं कुणी नव्हतं. त्यांचं नाव रामभाऊ. आयुष्यभर बैलबाजारात हेडी होते, म्हणजे जनावरांच्या खरेदी-विक्रीतले दलाल. शुभा-कुमार कामावर गेले की म्हातारा खिडकीशी बसायचा. खिडकीतून आम्ही दिसायचो.

एके दिवशी ते कुंपणापाशी आले. 'च्‌ च्‌' केलं. आजवर मला कुणी असं बोलावलं नव्हतं, म्हणून मी गेलो. त्यांनी माझा खालचा ओठ अंगठ्यानं खाली ओढला, दात पाहिले आणि हसले.

"आदत हाय अजून," ते मला म्हणाले.

त्यांच्या बाजारात जनावराचं वय दातांवर ठरतं. दुधाचे दात असेतो आदत, पक्के दोन आले की दोन दाती, मग चार दाती. चार दाती बैल ऐन उमेदीतला, त्याला सगळ्यात चढा भाव. आदत खोंडाला कुणी विचारत नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी लेकीला आणि जावयाला कुंपणाशी आणलं.

"कुमारराव, तुमी त्या काम्पुटरवर शेअर घेता न्हवं? त्यापेक्षा ही जोडी घ्या. चार दाती झाली की दुप्पट."

कुमार हसला, पण नाही म्हणाला नाही. म्हातारा पुढं गेल्यावर शुभानं त्याचा हात धरला.

"अरे, पण आबांना सांगायचं कसं, इथं यांचं पुढं काय करतात ते?"

"नको ना सांगू, यार. आई गेल्यापासून काल पहिल्यांदा नीट जेवले ते. लेट हिम हॅव इट. वॉल्टरला कुरणाचं भाडं देऊ आपण."

थोड्या वेळानं रामभाऊंनीच विचारलं, "शुभे, हितं बैलाची शेती कुटं दिसंना गं?"

शुभा आपल्या बुटांकडं बघत म्हणाली, "डोंगरापलीकडे आहे, आबा."

मी कुंपणाच्या अलीकडं चरत होतो. माणसं खोटं बोलताना पायांकडं बघतात, हे मी तेव्हा शिकलो.

सौद्याच्या दिवशी रामभाऊंनी खांद्यावरचा पंचा वॉल्टरच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच ठरतो, रुमालाखाली, बोटं दाबून. वॉल्टरला वाटलं, म्हातारा हात मिळवतोय. त्यानं चांगला जोरात हलवला. भाव त्या सकाळी रेडिओवर बाजारभाव म्हणून सांगितला तोच होता, आणि कुमारनं चेक आधीच दिला होता. तरी रामभाऊ दिवसभर खुशीत होते.

त्यांनी आम्हाला चांद्या आणि लाल्या अशी नावं ठेवली आणि मग आमची शिकवणी सुरू झाली. जू त्यांनी स्वतः तासून केलं, लाकूड कुमारनं घरबांधणीच्या सामानाच्या दुकानातून आणलं. आम्हाला वशिंड नाही, त्यामुळं जू मानेवर ठरेना. रामभाऊंनी जावयाचा जुना स्वेटर गुंडाळून खाली घातला. 'चल' म्हटलं की चालायचं, 'हो' म्हटलं की थांबायचं. चाबूक त्यांनी कधी धरला नाही. "मुकं जनावर शब्दावर चाललं पायजे," असं म्हणायचे. पडलेल्या झाडाचा ओंडका आम्ही त्यांच्या शब्दावर कुरणभर ओढला. वॉल्टर बघत राहायचा आणि मान हलवायचा. नाव ठेवलेली, जू ओढणारी दोन जनावरं आपल्या कुरणात असावीत, हे त्याला बरं वाटत नसणार.

त्या वर्षी भाव चढले. वॉल्टरनं बापजन्मात पाहिले नव्हते असे चढले. आमच्याबरोबरची सगळी वासरं पानगळीत विकून टाकून तो कुंपणाशी आला. आता विका, असा भाव पुन्हा येणार नाही, असं त्यानं कुमारला बजावलं. कुमार तयार होता. रामभाऊ उखडले.

"हुरड्यातलं कणीस कुनी मळणीला नेतं व्हय? दात येऊ द्या."

मग डिसेंबर आला. डोंगरापलीकडं, ह्याच राज्यात, एका गायीला मेंदूचा रोग निघाला, मांस खाणाऱ्या माणसालाही होऊ शकतो असा. दूरच्या देशांनी इथलं मांस घेणं थांबवलं आणि भाव कोसळला. वॉल्टर गाडीचं दार उघडं टाकून पावसात रेडिओ ऐकत उभा राहिला, आत बसायचंही त्याला सुचलं नाही. आजूबाजूचे शेतकरी त्याच्या गोठ्यात जमू लागले. शेतकऱ्यांची एक गंमत आहे. आपलं किती बुडालं ते कुणी सांगत नाही, शेजाऱ्याचं किती बुडालं ते मात्र सगळे नेमकं सांगतात.

पुढं नवा नियम आला. हा रोग वाढत्या वयात निघतो, म्हणून तीस महिन्यांच्या वरचं जनावर वेगळं काढायचं. वय ओळखायचं दातांवरून. पक्के चार दात दिसू लागले की ते जनावर तीस महिन्यांपुढचं, त्याचा भाव पाडून मागायचा.

हे सांगायला वॉल्टर मुद्दाम शुभाच्या दारात आला. रामभाऊंना इंग्रजी येत नाही म्हणून त्यानं स्वतःच्या दातांवर बोट ठेवलं आणि चार बोटं दाखवली. मग शुभाला म्हणाला, "हे चार दात यायच्या आत विका, नाही तर पस्तावाल. नीट समजावून सांग त्यांना."

"काय म्हनतोय?" रामभाऊंनी विचारलं.

शुभानं पुन्हा आपल्या बुटांकडं पाहिलं. सगळं सांगायचं तर मांसाचंही सांगावं लागणार होतं. शेवटी ती म्हणाली, "इथंही चार दात बघतात म्हणे, आबा."

म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलला! "बघ, म्या काय म्हनत व्हतो! बाजार कुटला बी असू दे, दाताला मोल हाय." त्या दिवशी आम्हा दोघांना गूळ मिळाला. मी खाल्ला. मला काय, गूळ गोडच लागतो.

पुढच्या उन्हाळ्यात वॉल्टरनं जमीन घरं बांधणाऱ्याला विकली. वय झालं होतं, भावाची ही उडी आणि ही आपटी त्याला झेपेना. कुरणात लाकडी खुंट्या ठोकल्या गेल्या, त्यांना नारिंगी फिती बांधल्या गेल्या. पानगळीपर्यंत आम्हाला मुदत होती. शुभाच्या घरामागं हिरवळीचा तुकडा होता, पण तिथल्या सोसायटीत कपडे वाळत घालायलाही बंदी होती, आम्हाला कोण ठेवणार!

आणि तेव्हाच ग्लेन आला. उत्तरेला त्याचं छोटं शेत होतं. त्याला बैलांचा छंद होता, बैल जुंपून जत्रेत लाकडं ओढायच्या शर्यतीला न्यायचा. शब्दावर चालणारी जोडी आहे, असं त्याला वॉल्टरनंच कळवलं होतं. रामभाऊंनी आम्हाला जुंपलं, 'चल' म्हणाले. आम्ही ओंडका ओढला, 'हो' म्हटल्यावर जागच्या जागी थांबलो. ग्लेनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं माझ्या कपाळाचा पट्टा खाजवला. मला वाटलं, सुटलो.

त्यानं भाव सांगितला. चांगला सांगितला, बाजारापेक्षा वर. रामभाऊंनी पंचा टाकला. ग्लेन हसत हसत हात आत घालून उभा राहिला. रामभाऊंनी बोटं दाबून दुप्पट मागितले, शुभानं ते तोंडी सांगितलं. ग्लेननं पुन्हा आपलाच आकडा सांगितला. रामभाऊंनी त्याचा हात झटकला आणि पाठ फिरवली.

"जाऊ दे त्याला. खरं गिऱ्हाईक तीनदा जातंय अन् तीनदा येतंय."

"आबा, देऊन टाका ना. चांगला माणूस आहे तो."

"चांगला हाय म्हनूनच परत येईल. अजून दोन दात येऊ दे, मग बघ कसा पळत येतोय."

ग्लेन गाडीत जाऊन बसला. लगेच निघाला नाही. शुभानं तोंड उघडलं. मी तिच्याकडं बघत होतो. बोल, बाई, बोल! बापाच्या तोंडावरचं हसू बघून तिनं तोंड मिटलं. ग्लेननं खिडकीतून हात हलवला आणि गाडी गेली.

रामभाऊ त्यानंतर रोज रस्त्याकडं तोंड करून बसायचे. बैलबाजारातला माणूस चहा पिऊन परत येतो. इथला माणूस एकदाच येतो, एकच भाव सांगतो आणि तोच खरा असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी कुमारनं फोन केला. ग्लेननं ऑरेगॉनमधून दुसरी जोडी घेतली होती.

पानगळ लागली आणि माझे आणखी दोन दात हिरडीतून वर आले, मी चार दाती झालो. लाल्याचेही आले. रामभाऊंनी शुभाकडून शिरा करवून घेतला. आम्हाला न्हाऊ घातलं, नवी दावी बांधली. निघताना सांगितलं, "जनावर इकलं तरी दावं द्यायचं नसतं, चांद्या. दावं घरी न्यायचं, म्हंजे दावण रिकामी ऱ्हात न्हाई."

बाजार डोंगरापलीकडं होता. मधोमध गोल रिंगण, भोवती पायऱ्यापायऱ्यांनी बाकं, वर बसलेला माणूस पाढे म्हणावेत तसा भाव म्हणत होता. धुतलेली टोपी घालून रामभाऊ पुढच्या बाकावर बसले. आत सोडायच्या आधी एकानं माझं तोंड उघडलं, दात पाहिले, चार मोजले आणि पाठीवर खडूनं रेघ ओढली. दाराच्या फटीतून रामभाऊंना ते दिसलं. त्यांनी शुभाला कोपरानं ढोसलं. "बघितलं? दात बघितला त्यानं."

मला एकट्यालाच रिंगणात सोडलं. "जोडी हाय ती!" रामभाऊ ओरडले. कुणी ऐकलं नाही, इथं वजनावर विकतात. पाठीवरची रेघ पाहून बाकांवरच्या माना खाली गेल्या. भाव वर जायचा तो खाली आला. फोनवर बोलता बोलता एकानं बोट उचललं आणि मी विकला गेलो. म्हाताऱ्या गायीला मिळतो तेवढ्या भावात. पाठोपाठ लाल्याही त्याच बोटानं गेला.

"घेनाऱ्याची जमीन किती हाय?" रामभाऊंनी विचारलं.

शुभा रडायला लागली. "त्यांची जमीन नाही, आबा. त्यांचा कारखाना आहे."

"कशाचा?"

आयुष्य बाजारात काढलेला माणूस, त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. मग एवढंच म्हणाले, "सांगायचं तरी व्हतं, शुभे. त्या गिऱ्हाईकाला फुकट दिली असती म्या."

ते मागच्या कोंडवाड्यात आले. कुमारनं सौदा मोडता येतो का विचारलं होतं. खडूची रेघ असलेलं जनावर आता थेट ट्रकमध्येच जातं, असं उत्तर मिळालं. रामभाऊंनी माझ्या गळ्यातल्या दाव्याला हात घातला. गाठ त्यांच्याच हातची, एका झटक्यात सुटली असती. त्यांनी सोडली नाही.

"असू दे," म्हणाले. "माझ्या दावणीला आता काय बांधायचंय?"

ते दावं अजून माझ्या गळ्यात आहे. सकाळ झाली आहे. दोन्ही बाजूंना उंच भिंती असलेल्या एका अरुंद बोळात मी उभा आहे. लाल्या माझ्या पुढं होता. मघाशी एक दार वर गेलं, तो आत गेला आणि दार खाली आलं. माझ्या मागं दोन माणसं आहेत. त्यांच्या हातात विजेची काठी आहे, ती लागली की अंगातून चटका जातो. मी अडून बसलोय, असं त्यांना वाटतंय.

तसं नाही हो. पळून जायला जागा नाही, हे मला दिसतंय, आणि म्हाताऱ्यावर माझा रागही नाही. मला फक्त शब्दावर चालायची सवय आहे. शब्द आल्याशिवाय माझे पाय उचलतच नाहीत, तसं मला शिकवलंय. तेव्हा तुमच्यापैकी कुणी ऐकत असेल, तर त्यांना सांगा, काठी नको. एकदा नुसतं 'चल, चांद्या' म्हणा. मी आपण होऊन येतो.