अकरा फेऱ्या

डॉक्टरबाई आपल्या घराच्या जिन्यावरून धावत खाली आल्या, तेव्हा भिंगरी गाडीची पुढची काच पुसत होता. सकाळपासून चौथ्यांदा. काच केव्हाच लख्ख झाली होती, पण हाताला काहीतरी चाळा हवा ना! हॉस्पिटलची गाडी चालवण्यात अठ्ठावीस वर्षं घालवलेल्या या माणसाचं खरं नाव पगारपत्रकात असेल तेवढंच. बाकी आयापासून मोठ्या सर्जनपर्यंत सगळे त्याला भिंगरीकाका म्हणत. त्याला कारण त्याची बायको. एकदा डबा विसरला म्हणून द्यायला आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, की यांच्या पायाला भिंगरी आहे, एका जागी टेकतील तर शपथ. ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

"काका, आज सावकाश नको," बाई मागे बसता बसता म्हणाल्या. "बाळंतिणीचं रक्त थांबत नाहीये. भूल द्यायला तिथे कुणी नाही."

बाई भूलतज्ज्ञ होत्या. हॉस्पिटल टेकडीच्या पलीकडे, चौदा किलोमीटरवर. दुपारचे अडीच वाजले होते आणि गाडी सकाळपासून जागची हलली नव्हती, म्हणजे इंजिन थंडगार. एरवी भिंगरी पहिले दोन किलोमीटर गाडी अशी न्यायचा की मागच्याने हॉर्न वाजवून वाजवून थकावं. गाडीला टर्बो होता. इंजिनाच्या कडेला बसवलेली, धुराच्या जोरावर फिरणारी एक चक्री, मिनिटाला लाखभर फेरे घेणारी. थंड तेल घट्ट असतं, ते पातळ होऊन चक्रीच्या दांड्यापर्यंत नीट पोचायच्या आत जोर लावला, तर दांडा झिजतो. आणि जोरात पळवून आणून फाडकन किल्ली फिरवली, तर तेल जागच्या जागी थांबतं आणि तापलेल्या चक्रीत जळून त्याची काजळी होते. म्हणून सुरुवातीला सबुरी आणि शेवटी दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू. ती दोन मिनिटं भिंगरी स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प बसायचा. दिवसभरात तेवढाच काय तो बसायचा.

आज पहिला नियम त्याने स्वतःच्या हाताने मोडला. थंड इंजिनावर पाय दाबला. चढावर चक्रीची शिट्टी वाजायला लागली तशी त्याने मनात गाडीची माफी मागितली आणि आणखी दाबला. एका बाजूला बाईंचा फोन सारखा वाजत होता. "निघालेय, पोचतेच," एवढंच त्या म्हणत होत्या. बारा मिनिटांत गाडी पोर्चमध्ये उभी राहिली. बाई दार उघडं टाकून आत पळाल्या.

आता दोन मिनिटं. पण इथेच तर घोडं अडलं होतं.

तीन महिन्यांपूर्वी हॉस्पिटलने सगळ्या गाड्यांत एकेक डबी बसवली होती. गाडी कुठे गेली, किती वेगाने गेली, कितीदा जोरात ब्रेक मारला, सगळं ती टिपायची. एक मिनिटाहून जास्त वेळ गाडी उभी आणि इंजिन चालू असलं, की लाल खूण. महिन्यात तीन लाल खुणा झाल्या की गाडी काढून घेणार आणि ड्रायव्हरला बसवणार गेटवर. भिंगरीने वाहतूक अधिकाऱ्यांना गाडीबरोबर आलेलं पुस्तक नेऊन दाखवलं होतं. जोरात पळवल्यावर लगेच बंद करू नका, असं त्यात छापलेलंच होतं. साहेब भला माणूस. त्यांनी पान वाचलं, मान डोलावली आणि म्हणाले, की काका, तुमचं बरोबर आहे, पण डबीने हे पुस्तक वाचलेलं नाही. तेव्हापासून रोज जिवाला घोर. शेवटचा किलोमीटर गाडी सावकाश आणून तो कसंबसं निभावत होता, पण या महिन्याच्या दोन खुणा झाल्याच होत्या. आज गाडी उभी ठेवली तर तिसरी.

किल्ली बोटांत धरून तो बसला. समोरच्या घड्याळात अर्धं मिनिट गेलं. बंद केली तर आपण वाचतो, गाडी मरते. एकदम नाही मरत, पण मरते. मग त्याच्या डोक्यात आलं, उभी गाडी डबीला चालत नाही ना? मग उभी करायचीच कशाला? त्याने पहिला गिअर टाकला आणि हॉस्पिटलच्या इमारतीभोवती फेरी मारायला निघाला. अगदी चालत्या माणसाच्या थोडं पुढे, एवढ्याच वेगाने. पोर्च, औषधांचं दुकान, धोबीघर, ऑक्सिजनची टाकी, परत पोर्च. फेरीला दोन मिनिटं. एका फेरीत काम झालं असतं, खात्रीला दुसरी.

दुसऱ्या फेरीला त्याला पोर्चमध्ये तो माणूस दिसला. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली आणि हातात बायकी चपलांचा जोड. खांबापासून दारापर्यंत जायचा, दाराशी नर्स अडवायची, परत खांबाकडे. भिंगरीला ती चाल ओळखीची होती. त्याने गाडी थांबवली, पुढचं दार उघडलं आणि बसा म्हणाला. कुठे जायचंय, काय करायचंय, काही न विचारता तो बसला.

"डॉक्टर आल्या का?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"आल्या. मीच आणलं त्यांना."

"वेळेत?"

भिंगरीला हो म्हणवेना. "जेवढी पळवता येत होती तेवढी पळवली," तो म्हणाला.

माणसाने मान हलवली आणि चपला मांडीवर घेतल्या. त्याचा गुडघा सारखा उडत होता. गाडी चालू लागली की थांबायचा, धोबीघराच्या वळणावर वेग कमी झाला की परत उडायला लागायचा. तिसऱ्या फेरीला तो बोलायला लागला. सकाळी बायकोशी भांडण झालं होतं म्हणे, नळ गळतो म्हणून. चौथ्या, पाचव्या फेरीला तेच भांडण पुन्हा सांगितलं, आणि सहाव्या फेरीला सांगता सांगता रडला. इंजिन केव्हाच गार झालं होतं. गाडी लावून टाकायला हरकत नव्हती. पण गाडी लावली की हा माणूस परत त्या खांबाशी जाणार, आणि ते भिंगरीला बघवलं नसतं. गेटवरचा पहारेकरी कपाळाला हात लावून बघत होता. सातवी, आठवी, नववी. अकराव्या फेरीला नर्स बाहेर येऊन हात हलवायला लागली. गाडी पुरती थांबायच्या आत माणूस उतरून पळाला. आभार नाहीत की काही नाही. भिंगरीलाही ते तेव्हा खटकलं नाही.

संध्याकाळी परतताना बाईंनी सांगितलं, की बाळंतीण वाचली, मूल काचेच्या पेटीत आहे, तेही वाचेल.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. पडद्यावर इमारतीभोवती एक जाड रेघ उमटली होती, गिरवून गिरवून काढल्यासारखी, आणि शेजारी महिन्यातली तिसरी लाल खूण, विनाकारण फेऱ्यांची.

"अकरा फेऱ्या, काका. अडीच किलोमीटर. हे काय आहे?"

इंजिन गार करत होतो, भिंगरी म्हणाला. त्याला दोन मिनिटं पुरतात असं तुम्हीच मला शिकवलंत, साहेब म्हणाले. मग मात्र भिंगरीने त्या माणसाचं सगळं सांगितलं. नळ आणि चपला सोडून.

साहेबांनी चष्मा काढला. "आता हे मी कुठल्या रकान्यात घालू?"

रकाना नव्हताच. साहेबांनी ड्रॉवरमधून एक छापील कागद काढला. मी वाहन विनाकारण चालवले, ही माझी चूक आहे, पुन्हा होणार नाही. खाली सही केली की खूण पुसता येत होती. दोन वर्षं राहिलीत तुमची, करून टाका सही, एवढं साहेब अगदी मनापासून म्हणाले.

भिंगरीने कागद वाचला. उठून खिडकीपर्यंत गेला, परत आला, परत वाचला. पेन उघडलं. गाडीशिवाय आपण काय करणार, हे त्याला ठाऊक होतं. काही नाही करणार. वेडे होऊ.

"साहेब, चूक लिहा. बेशिस्त लिहा. पाहिजे तर डोकं फिरलंय लिहा. विनाकारण एवढं तेवढं खोडू का?"

"छापील आहे काका. खोडाखोड चालत नाही."

भिंगरीने पेनला टोपण लावलं आणि खिशातली किल्ली काढून कागदावर ठेवली.

घरी सांगितलं तेव्हा बायको चिडेल असं त्याला वाटलं होतं.  भाजी निवडता निवडता तिने एवढंच विचारलं, की गेटवर सावली असते का.

सोमवारपासून तो गेटवर. तिथे त्याच्यासाठी एक खुर्ची ठेवली होती. सकाळभर तो तिच्याभोवती फिरला, पण बसला नाही. बाराच्या सुमाराला त्याची गाडी, म्हणजे आता त्याची नसलेली, टेकडीवरून शिट्टी वाजवत आली. त्याने गेटचा आडवा दांडा वर केला. गाडी भरधाव आत गेली, पोर्चमध्ये थांबली, बाई उतरून आत पळाल्या. आणि इंजिन बंद झालं. लगेच.

 दांडा तसाच वर सोडून भिंगरी पोर्चकडे चालत गेला. नवा ड्रायव्हर त्याच्याच वयाचा होता, दुसऱ्या खात्यातून आलेला, गरीब स्वभावाचा. त्याने हसून डबीच्या खुणा दाखवणारा मोबाइल पुढे केला.

"बघा काका. गाडी हातात आल्यापासून एकही लाल नाही. सगळा हिरवा."

"छान," भिंगरी म्हणाला. त्याला खरंच त्या माणसाचा राग आला नाही, आणि त्याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. गाडीतून तापलेल्या लोखंडाची टिकटिक ऐकू येत होती.

"जरा बॉनेट उघडता का?"

"का हो? काही बिघडलंय?"

"नाही. वारा लागू दे तिला."

नव्याने आतून खटका ओढला. भिंगरीने बॉनेट वर उचललं, टेकू लावला आणि आतली गरम हवा तोंडावर घेत तिथेच उभा राहिला. गेटवर दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या. दांडा वरच होता, तरी त्याला विचारल्याशिवाय आत कसं यायचं म्हणून दोघंही हॉर्न वाजवत होते. आलो, आलो, असं त्याने हाताने सांगितलं आणि तो जागचा हलला नाही.